तीन सेकंदांचा खुलासा

वडिलांच्या पेटीत सापडलं रेडिओचं लायसन.
निळसर पुठ्ठ्याचं पुस्तक, आत दर वर्षाचं एक तिकीट,
त्यावर साखर पेठ पोस्टाचा गोल शिक्का.
पंधरा रुपये, नुसतं ऐकण्याचे.
वडील मागावरून उतरून, कानातला कापूस काढून
रांगेत उभे राहायचे.
"आणि बोलायचं किती पडतं?"
एकदा विचारलं त्यांनी खिडकीतल्या बाबूला.
बाबू हसला नाही.
पुढचा, म्हणाला.

मी बोलायला लागले त्यांच्या माघारी.
हंगामी निवेदक. महिन्याला सहा ड्यूट्या,
चेक कधी दिवाळीला, कधी संक्रांतीला.
चपला बाहेर, जाड दार आपोआप मिटायचं
आणि जन्मापासून अंगात असलेला मागांचा खडखडाट
एकदम थांबायचा.
पहिल्या दिवशी घेरीच आली मला
त्या सरकारी शांततेनं.

भद्रावती पेठेत आई सुपात पानं घेऊन बसलेली,
भोवती शेजारच्या चौघी,
हजार विड्या पुऱ्या व्हायच्या माझ्या आवाजात.
"मा पिल्ला," म्हणायची, दोरा दातात धरून,
आणि चौघींना गप्प करायची.

त्या उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी,
तेही रात्री दोनला.
दुपारच्या कार्यक्रमासाठी मी तेवढंच लिहिलं होतं:
शहरातल्या बायका रात्री दोनला कळशी घेऊन जाग्या असतात.
हत्तुरेसाहेब भला माणूस.
चहा सांगितला, मग लाल पेन्सिल काढली.
"बाई, खरंय. माझ्याही घरी पाचव्याच दिवशी येतंय.
पण इथं बसलं की आपण म्हणजे सरकार."
खोडलेल्या ओळीवर त्यांच्या सुबक अक्षरात:
पाणीपुरवठा नियोजित वेळापत्रकानुसार सुरू आहे.

वाचत वाचत त्या ओळीपाशी आले.
माझी वाचायची नव्हती, त्यांची वाचवेना.
काचेपलीकडे नदाफनं मान वर केली,
काटा शून्यावर आडवा.
मग शेंगाची चटणी महिनाभर कशी टिकवावी
ते सांगितलं.

संध्याकाळी आई म्हणाली,
"मधी थांबलीस ते पाण्याचं व्हतं ना गं?
आम्ही पाचीजणी एकदम म्हटलो."
पानाचा काठ कातरत राहिली.
"चेकर आमची विडी छाटतंय, पण ती ढिगात दिसती तरी.
तुझं छाटलेलं कुठं टाकतेत?"

असं नाही की ती उंच तार नुसती गप्प करायची.
भूकंपाच्या पहाटे कुणी स्क्रिप्ट मागितली नाही.
हत्तुरेसाहेब बनियनवर आले होते,
हातात गावांची नावं, ओल्या शाईत,
कुठं रक्त हवंय, कुठल्या दवाखान्यात कोण बेशुद्ध आहे.
मी वाचत गेले, अडखळले, रडले माइकवर,
कुणी खोडलं नाही.
त्या दिवशीही आपण सरकारच होतो.
म्हणूनच राग पुरता येत नाही मला,
आणि जातही नाही.

नदाफनं वहीत लिहिलं, लिहिणं त्याला भागच होतं:
बारा सतरा. तीन सेकंद शांतता. कारण कळले नाही.
आठवड्यानं मेमो आला.
प्रक्षेपणात मौन पाळण्याची मुभा निवेदकास नाही,
खुलासा द्यावा.

मी कार्बन घालून लिहिला, दोन प्रतींत:
घसा कोरडा पडला होता.
प्यायला पाणी नव्हतं.

हत्तुरेसाहेबांनी दोनदा वाचलं.
पेन्सिलीचं टोक दुसऱ्या वाक्यावर बराच वेळ टेकलेलं,
कागदावर एक लाल ठिपका उमटला, एवढाच.
मग त्यांनी बेल वाजवली
आणि शिपायाला सांगितलं,
बाईंना पाणी आण.