साक्षीदार क्रमांक तीन

खरं सांगेन, म्हणाले. नाव विचारलं.
इंदुमती वसंत हुलवळे, वय एक्कावन्न,
राहणार ऐरोली, धंदा शिवणकाम.
काय शिवता?
भाजलेल्या माणसांचे कपडे.
टाइप करणाऱ्या मुलाचा हात जरा थांबला.

त्याचं असं आहे, साहेब,
जखम भरली तरी कातडी गप्प बसत नाही.
गाठी धरते, सुतळीसारखी वर येते,
दोन बोटांची एक फाफडी करून टाकते.
तिला दाबून ठेवावं लागतं
दिवसाचे तेवीस तास. एक तास आंघोळीचा.
म्हणून दर दीड इंचावर माप घ्यायचं, मनगटापासून काखेपर्यंत,
आणि खडूची खूण करायला अंगावर जागा नसते,
आकडे तोंडपाठ होतात.
पद्माकर मढवीचे आहेत:
मनगट साडेसहा, कोपर सव्वादहा,
अंगठा
अंगठ्याचं नंतर सांगते.

कंपनीचे वकील म्हणाले, माणूस ठेकेदाराचा.
ठेकेदाराचे म्हणाले, त्या दिवशी तो कामावरच नव्हता.
विम्याचे म्हणाले, यादीत सोळा माणसं आहेत, हा सतरावा.
पिंपातलं द्रावण पेटलं तेव्हा
पवण्याच्या त्या शेडमध्ये यादी कुणाकडे होती?
हे मी बोलले नाही. मला तेवढंच विचारलं होतं,
तुम्ही डॉक्टर आहात का?
नाही.
मग याची कमाईची ताकद किती गेली, तुम्ही कशा सांगणार?
सांगत नाही. पावत्या आणल्यात.
सात जोड हातमोजे, रंग 'कातडी',
कारखान्यातून तसाच छापून येतो तो शब्द,
आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या कातडीशी जुळलेला नाही.

मग तक्ता उघडला.
पगाराचे साठ टक्के,
चौतीस वयासमोर एकशे नव्व्याण्णव आणि वर दशांश,
गुणिले अडतीस, भागिले शंभर.
मीही मापातून दहा टक्के वजा करते,
कापड घट्ट बसावं म्हणून.
त्यांची वजाबाकी कशासाठी, ते कळलं नाही.

बाहेर बाकड्यावर त्याची आई.
सासऱ्याची भाताची खाचरं होती म्हणे,
ती शेड आहे अगदी तिथेच.
"तवा जमिनीचं सारेबारा टक्के बोलले,
आता पोराचं अरतीस बोलतान.
बाय, टक्का म्हंजे कवरा गो?"

दुपारी अंगठ्याचा विषय निघालाच.
गेटवरच्या यंत्रात त्या दिवशी
सात वाजून बावन्न मिनिटांनी एक अंगठा लागलाय,
क्रमांक एकशे बारा, पुढे नाव कोरं.
तो याचाच कशावरून? लावा म्हणाले.
यंत्र आणलंच होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून.

पद्माकरनं मी शिवलेल्या हातमोज्याची चेन ओढली.
कोर्टात तिचा केवढा आवाज झाला.
लावला. लाल दिवा.
शर्टाला पुसून पुन्हा लावला. लाल.
तिसऱ्यांदा तो लावणार होता, न्यायाधीशबाई म्हणाल्या, पुरे.
कंपनीच्या वकिलांनी मान हलवली, नोंद घ्यावी.
घेतली, बाईंनी. बराच वेळ लिहीत होत्या.
काय लिहिलं, पुढच्या तारखेला कळेल, एकोणीसला.

अंगठा, साहेब: बुंध्याशी पावणेतीन,
टोकाला सव्वादोन,
वरचा भाग काचेसारखा, रेघ एकही नाही.
हे माझ्या वहीत आहे, तारीख घालून.
कुणी वही मागितली नाही.

जिन्याखाली तो म्हणाला, ताई, उजवा सैल लागतोय.
सैल म्हणजे गाठ बसतेय, चांगलं लक्षण.
मी पर्समधून टेप काढली.
झेरॉक्सवाल्याच्या टेबलाच्या कडेला
त्यानं हात ठेवला, पालथा,
मागचे लोक रांगेतून जरा सरकले.
मनगट सव्वासहा.
वहीत लिहिलं, तारीख घातली.
बिल कुणाच्या नावावर करू
हे दर वेळी विचारते.
आज नाही विचारलं.