ओडेसा, टेक्सस: सोमवारच्या आत

दोन पत्रं आहेत.
दोन्हींना सोमवारी पाचपर्यंत उत्तर हवंय.

एक ह्यूस्टनचं.
इस्पितळांच्या छतांमधून गार हवा कशी वाहावी
याची गणितं. खुर्ची, खिडकी,
शनिवार-रविवार माझे.
दुसरं इथलं. चौदा दिवस विहिरीवर, सात दिवस झोप,
पगार दीडपट,
आणि तळाशी बारीक अक्षरांत:
कामाची जागा व वेळ बदलू शकते.

सही करण्याआधी एक पाळी बघून जा, म्हणाले.
म्हणून आले.
कॅम्पचं नावच मॅन कॅम्प,
बायकांच्या न्हाणीघराची किल्ली ऑफिसात मागावी लागते.

पहाटेचे तीन.
वायरलाइनच्या ट्रकमध्ये रिगोबेर्तो विचारतो,
मेकॅनिकल ना तू? मग इकडे कशाला?
मी दाब सांगते, तापमान सांगते,
तीन किलोमीटर खाली धातूचं काय होतं ते सांगते.
तो ऐकून घेतो,
पाहुण्यांच्या पोराने पाढे म्हणावेत तसं.
मग सांगतो, तीनदा घरी बसवलंय त्याला.
मधल्या काळात शाळेची बस चालवली.
"बॅरल पडलं की आधी माणसं पडतात."
बाहेर ओळीने पंप
नंदीबैलासारखे माना हलवतात.
काहीही विचारा, हो.

आईचा फोन आला होता.
"तेल गेलं, तूप गेलं..."
म्हण अर्ध्यावर सोडली तिने.
हाती काय येतं ते
तिला माझ्याबाबतीत उच्चारायचं नव्हतं.
बाबा मागे लेथवर. इचलकरंजीत दुपार,
मागाचे सुटे भाग कातत होते.
मशीन बंद न करताच ओरडून विचारलं,
"माप कितीत धरतात तिथं?"
बस्स, एवढंच.

क्षितिजावर गॅस जळतोय.
कुणाच्या चुलीला नाही, कुणाच्या दिव्याला नाही.
एवढा उजेड, की त्यात पत्र वाचता येतं.
मला कळतं हे.
उद्या कुणी विचारलं, तू कुठे होतीस तेव्हा,
तर सांगायला माझ्याकडे
चांगलं वाक्य नाही.
शोधतेय, असंही नाही.

रिगोबेर्तो ओ-रिंग देतो. नवीन, पाकिटातली.
"बसव."
मी बसवत नाही. बोटावर फिरवते,
बाबा पितळी बुश फिरवायचे तशी, डोळे मिटून,
अंगठ्याच्या नखाने.
एका जागी नख अडतं.
केसाएवढी चीर.
तो टॉर्च धरतो, चष्मा लावतो, चष्मा काढतो.
दुसरं पाकीट फोडतो.
शाबासकी वगैरे काही नाही.
फक्त त्यानंतरच्या सगळ्या रिंगा
आधी माझ्या हातात येतात.

हत्यार खाली जातं.
काउंटरवर फूट पळतात: चारशे, नऊशे, दोन हजार,
कुणीच कधी न बघितलेल्या काळोखातून
केबल थरथरत वर काहीतरी कळवते
आणि मला ते कळतं, अर्धंमुर्धं.

साडेसहा. हात तीनदा धुतले.
ह्यूस्टनला आधी लिहावं, नम्रपणे,
आभार मानून.
फोन उघडायला जाते.
नखात ग्रीस.
अंगठा ओळखत नाही फोन,
पुन्हा दाबा म्हणतो.