तेवीस मे, पान पाच

रोज संध्याकाळी सहानंतर
मी एक दिवस भरते.
घटना, जन्म, मृत्यू. तीन कप्पे,
डावा खालचा कोपरा,
कूलरच्या जाहिरातीनं खाऊन उरेल तेवढा.

आज तेवीस मे.
पारा शेहेचाळीसवर, वर्धा रोडचा धूर
वाळ्याच्या ओल्या ताटीवर येऊन बसलेला.
मी समुद्रापलीकडचा एक तह शोधून काढते,
एका राणीला झालेला मुलगा.
पुढे त्याचं काय झालं ते दुसऱ्या तारखेत.
मरणाऱ्याला साल लागतं,
कारण लागत नाही.

साल चुकलं की सकाळी साडेआठला फोन,
इंदोऱ्याहून धनविजय गुरुजी.
बारा वर्षं पहिलं वाक्य तेच:
"बाई, काहून चुकता वो?"
मग खोकला, मग बरोबर साल,
मग त्या साली ते स्वतः कुठे होते:
कन्हानच्या शाळेत,
कळमन्यात भाड्याच्या खोलीत,
एकदा मेयोच्या व्हरांड्यात,
मुलगी होऊन तासाभरात गेली तेव्हा.
ती तारीख त्यांनी सांगितली नाही.
मी विचारली नाही.
माझ्या तीनशे सहासष्ट चौकटींपैकी
कुठल्यातरी एकीत ती असेल.
जन्मात घालायची की मृत्यूत,
याचा नियम कोणी केलेला नाही.

मार्चपासून फोन बंद.
मी नीट लिहायला लागले, असं मला वाटलं.
एप्रिलात मुद्दाम एक लढाई दोन वर्षं मागे नेली.
कोणी हूं की चूं केलं नाही.
मे लागताच एका शास्त्रज्ञाला
जन्माआधीच पारितोषिक दिलं.
साडेआठ, पावणेनऊ, नऊ.
पोह्यांवरची तर्री निवून गेली.

काल शेवटी मीच नंबर फिरवला.
सून होती. म्हणाली,
"बोलता नाही येत त्यायले आता.
उजवं अंगच गेलं ना.
पण पेपर आला का पेन्सिल मागतात, डाव्या हातात.
त्या शास्त्रज्ञाच्या दिवशी तर
कागद फाटेपर्यंत गिरवलं.
हसत होते बाप्पा, किती दिवसांनी."

तर, तेवीस मे.
दोन ओळींची जागा उरली आहे.
संपादक म्हणतात, काहीतरी टाका.
मी काही टाकत नाही.
तहाचं साल एकानं वाढवते,
तेवढेच चार अंक जरा मोठे करते,
आणि उरलेली जागा
कोरी सोडते त्यांच्या शेजारी,
डाव्या हाताला पुरेल इतकी.