त्या वस्तूचं नाव

स्विंडनमध्ये एक राउंडअबाउट आहे,
एका मोठ्या चकरीभोवती पाच छोट्या चकऱ्या.
नवखा माणूस आत शिरला की हॉर्न खात बसतो.
माझ्या डोक्यात आता तसंच आहे.
शब्द घरून वेळेवर निघतो
आणि तिथेच फिरत राहतो.

ऑक्सफर्डच्या इस्पितळात बाईंनी चित्रं दाखवली होती:
कंगवा, किल्ली, कासव.
कासवाला मी "सावकाश" म्हटलं.
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

बाहेरून मात्र काही दिसत नाही.
टाके केसांखाली गेले.
"अगदी पहिल्यासारख्या दिसता!" म्हणतात सगळे,
आणि मग आवाज चढवून, एकेक शब्द तोडून बोलतात,
जणू मी नदीच्या पलीकडे उभी आहे.
नाहीतर माझ्याशी बोलतच नाहीत.
"ह्यांना साखर चालते का हो?"
श्रीरंगला विचारतात, माझ्या डोक्यावरून,
फळीवरची बरणी काढावी तसं.
आणि साखर हा शब्द तर मला येतो.

बस स्टॉपवर एका बाईनं पोराला जवळ ओढलं.
सकाळी माझी जीभ जड असते, डावा पाय भलतीकडे जातो.
अकरा वाजताच प्यायलेली बाई होती,
असं घरी जाऊन सांगितलं असेल तिनं.

गुरुवारी चर्चमागच्या खोलीत आम्ही सातजण जमतो.
क्लाइव्ह तीस वर्षं लॉरी चालवायचा.
आता मध्येच रडू येतं त्याला, बिस्किट हातात असताना,
आणि रडून झालं की तो तेच बिस्किट खातो.
तो म्हणाला, रस्ता बंद असला तर पिवळ्या पाट्या बघत जायचं.
लांबून पडतं. पण पोचतो माणूस.

आज मंडळाची कोजागिरी होती.
तोच शाळेचा हॉल, तोच मरून पडदा,
चंद्र ढगात, दूध मायक्रोवेव्हमधून.
चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत इथला माईक माझा होता.
मी आत आले तसे लोक बाजूला झाले,
अदबीनं,
मयताला वाट देतात तसे.

हेमलता स्वयंपाकघराच्या खिडकीत होती.
मला पाहून कागदी कप मोजायला लागली.
आधीच मोजलेले कप.

त्या दिवशी मी वर पडदा बांधत होते
आणि खाली ती होती.
तिचा फोन वाजला. आई, सोलापूरहून.
एवढंच झालं.
नंतर ती कधी आली नाही. डबे यायचे, दुसऱ्यांच्या हातून,
नाव नसलेले.
पण हेमाची मेथी मला कळते.
ते कुठल्याही चकरीत अडकत नाही.

खिडकीशी गेले. म्हटलं,
"ती... ती वस्तू.
वर जायची. पायऱ्या असतात, पण जिना नाही.
दोन पाय. मध्ये दांडे."
पिवळी पाटी, पिवळी पाटी.
"भिंतीला टेकते. तू धरली होतीस."

हॉल गप्प.
श्रीरंग माझी कोपर धरायला निघाला, मी काढून घेतली.
चौदा महिने माझ्यासमोर कुणी तो शब्द उच्चारला नव्हता.
माझा हरवला होता,
त्यांनी लपवून ठेवला होता.

"शिडी," हेमलता म्हणाली.
हातातलं दूध हिंदकळून तिच्या मनगटावर सांडलं.
"शिडी, वसू."

"हां," मी म्हटलं. "ती."

पुढचं वाक्य निघालं होतं, पण वाटेत होतं.
पहिल्या चकरीत, दुसऱ्या चकरीत.
तिनं मला शब्द पुरवला नाही.
तोंडाकडे बघत उभी राहिली.
मागे रांग वाढत गेली, कुणीतरी खोकलं,
पातेल्यातल्या दुधावर साय धरली.