इतर, असल्यास

फॉर्ममागे तीस रुपये, दिवसाला पंचवीस फॉर्म,
आणि सरांनी बजावलेलं : उत्तर सुचवायचं नाही.
मी मेडिकलच्या ओपीडीत, खांबाला टेकून,
गळ्यात ओळखपत्र, त्यावर कॉलेजातला फोटो.
एप्रिल आहे. सव्वानऊलाच फरशी तापलीय.
कुलर दोन,
दोन्हींची तोंडं आतल्या खोलीकडे.
प्रश्न नववा : प्रतीक्षागृहात हवा खेळती आहे का?

पाच म्हणजे पूर्ण समाधानी. एक म्हणजे अजिबात नाही.
तीनला काय म्हणायचं ते सरांनाही सांगता आलं नव्हतं.
"ठीक," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "ठीकठाक."

पारशिवनीचा म्हातारा, काखेत एक्स-रेचा लिफाफा.
किती वेळ थांबावं लागलं, बाबा?
"कोठून धरू, बाई?
चिठ्ठी काढली तेथून, का यष्टीत बसलो तेथून?
का दुखाले लागलं तेव्हापासून?"
माझ्याकडे चौकोन चारच होते.
'दोन तासांहून जास्त' वर खूण केली.
त्या चौकोनात पुष्कळ माणूस मावतो.

दातांच्या खोलीपुढे हेमराज रहांगडाले, क्लीनर, वय एकोणतीस.
खर्ऱ्यानं तोंड आवळत आणलेलं.
आत नुकतंच मोजून झालं होतं : दीड बोट.
दिवाळीत दोन होती.
मी विचारलं, पाचपैकी किती समाधान?
त्याला बोलणं जड जातं, म्हणून हात वर केला.
चार बोटं.
मग दारात उभ्या अटेंडंटकडे पाहिलं
आणि अंगठाही उघडला.

पाच लिहिले. सुचवलं नव्हतं मी काहीच.

वच्छला पराते, तांडापेठ, साखर आणि पायाची जखम.
डॉक्टरांनी तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं का?
"ऐकलं असंल बाप्पा. लिवत होते ना ते, मान खाली घालून.
मी त्याईच्या टकलाले सांगितलं सगळं."
हसू आलं. हसण्याला चौकोन नाही.
प्रश्न सत्ताविसावा :
हा दवाखाना तुम्ही नातेवाइकांना सुचवाल का?
तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं
चुकीच्या घरी मयताला आलेल्याकडं पाहतात.
"कोणाले सुचवू? बिमार पड म्हून?"

मग पिशवीतून औषधाच्या पुड्या काढल्या.
एका पुडीचा कोपरा एकदा फाडलेला,
दुसरीचा दोनदा.
तिसरी तशीच.
"एक फाडली ते सकायची. दोन फाडली ते रातची.
अन् जिले काई नाई, ते दुखलं तरच.
सात नंबरच्या खिडकीवरचा पोट्टा करून देते.
मले वाचता येत नाई, हे त्यानं विचारलं नाई, माय.
समजलं त्याले."

मी सात नंबरवर गेले. रांग दारापर्यंत.
पोट्टा म्हणजे लांजेवार, केस पांढरे, निवृत्तीला चौदा महिने.
एकीकडे कुणावर तरी खेकसत होता,
"सुट्टे आणा म्हटलं ना!"
आणि बोटं आपली आपण
कोपरे फाडत होती.
किती वर्षं करता हे?
"काय करतो?" तो म्हणाला. "बाजूला व्हा, मॅडम."

फॉर्मवर शेवटी 'इतर, असल्यास'.
अर्धा इंच रेघ.
मी बारीक अक्षरात लिहिलं, समासात गेलं,
वळून मागच्या पानावर गेलं.

शनिवारी सरांनी गठ्ठा चाळला.
सरासरी तीन पूर्णांक नऊ, म्हणजे बरी.
"हे 'इतर' सॉफ्टवेअर घेत नाही," ते म्हणाले,
"पुढच्या वेळी एवढं लिहीत बसू नको."
चहा मागवला. पैसे सोमवारी.

गठ्ठा बांधायला मीच होते.
वच्छलाबाईंच्या फॉर्मचा कोपरा एकदा फाडला.
हेमराजचा दोनदा.
बाकीचे तसेच ठेवले.
दुखलं तरच.