शेऱ्याचा रकाना

लीगचे हिशेब तपासायला माझ्याकडे आले
कारण भुसावळला, रेल्वेच्या लेखा विभागात, एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे प्रवासभत्ते कापले,
आणि चेंडूला कधी पाय लावला नव्हता.
निःपक्षपाती माणूस पाहिजे, बऱ्हाटे सर म्हणाले.

नियम दोनच, झेरॉक्सच्या एका पानावर.
हंगामात संघाने चार लाखांवर खर्च करू नये.
मिळवलं त्याहून जास्त उधळू नये.
पहिल्याला मर्यादा म्हणायचं.
दुसरा आपला अंथरूण-पाय.

आणि नियम उगाच झाला नव्हता.
वरणगावच्या अध्यक्षांनी प्लॉट विकून
नागपूरहून दोन फॉरवर्ड आणले, कप जिंकला,
पुढच्या साली क्लबच नाही.
गोलपोस्टचे पाइप कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाला लागले.
पोरं त्याच मांडवात जेवून आली.

तर एप्रिल. कूलरला पाणी नाही.
टेबलावर आठ संघ.

सावद्याची फाइल जाडजूड, नाडीची.
त्यांचा गोलकीपर, कालिकतचा, सव्वासहा फूट,
पगारपत्रकात 'रायपनिंग चेंबर देखरेख, रात्रपाळी'.
दोन्ही बॅक घड मोजणारे.
स्ट्रायकर हमाल, तोही तात्पुरता.
खेळाडूंवरचा खर्च म्हणजे बर्फ, लिंबू, क्रेप बँडेज.
शर्टाच्या छातीवर मेव्हण्याच्या ठिबक नळ्या,
त्या जाहिरातीचे साडेतीन लाख जमा.
मी विचारलं, हा भाव वाजवी कशावरून?
फिरकेशेठ हसले.
वाजवी म्हणजे काय, भो?

खरंच.
केळीचा भाव रोज रावेरच्या बोर्डावर लागतो,
लोक त्याला शिव्या घालतात, पण लागतो.
वीतभर छातीचा भाव कोण लावणार?
डाव्या पायाचा?

जमाखर्च पैशापर्यंत जुळत होता.
एकतीस वर्षांत मला एवढंच समजलंय,
जिथं पैशापर्यंत जुळतं
तिथं कुणीतरी रात्री जागलेलं असतं.
पण संशयाला रकाना नसतो.
मी सही केली.

यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याला टेकून एक पाडा आहे.
त्यांचा हिशेब शाळेच्या चौकटीच्या वहीत.
जमा: वर्गणी, पाच हजार दोनशे.
जमा: डिंक विकून, अठराशे पन्नास.
खर्च: काळीपिवळीचं भाडं, सहा सामने.
खर्च: बूट, सोळा जोड.
खर्च: इस्माईलचा दात.
तूट अकरा हजार चारशे.

हे कुठून आले?
कप्तान जुम्मा तडवी उभाच होता, खुर्ची असून.
"मामानं देल्हे. मामा सुरतले आहे, साडीच्या मिलात."
परत करायचे?
"मामाचे कोणी परत करतं का, साहेब?"

मग ते मिळवलेले नाहीत.
उसनेही नाहीत.
मी पान उलटसुलट वाचलं.
नियमात मामा बसत नव्हता.
मेव्हणा बसत होता.

तो काही भांडला नाही. फक्त विचारलं,
मोडलं ते आम्ही, की पैसे कमी पडले ते?
मी म्हणालो, कागदावर दोन्ही एकच.
बाहेर मालगाडी चालली होती, छप्पन डब्यांची असावी,
संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो,
म्हणजे मी बसलो.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
वही खरी आहे. तीन गुण वजा.
आधी 'परंतु' लिहिला होता मधे.
मग खोडला.

जाताना जुम्मा दारातून परत आला.
"वही द्या ना. मागून बहिणीचा गृहपाठ आहे, उद्या दाखवायचाय."
मी मागची पानं चाळली, सवयीने.
एका वजाबाकीत हातचा राहून गेला होता.
तेवढा मी पेन्सिलीने घातला.