अठ्ठावन्न पावलं

बंदुकीला खांदा लागतो,
आणि टिपेटसाहेबांचा उजवा खांदा
पवनचक्कीवरून पडले त्या वर्षीच गेला.
म्हणून पिस्तूल. लांब नळीचं, एका गोळीचं,
वर बोटभर दुर्बीण,
चामड्याच्या म्यानात, छातीशी आडवं,
तान्हं मूल बांधावं तसं.

रायफलवाल्यांना मी तीनशे वारांवर बसवते,
पाणी देते, सांगते: तो, डावीकडचा.
पिस्तुलाचं तेवढ्यानं भागत नाही.
त्याला जवळ जावं लागतं,
मेंढ्याची पापणी दिसेल इतकं,
आणि जवळ जाणं हे एकाहत्तराव्या वर्षीच्या गुडघ्यांचं काम नव्हे.

पहाटे चारला निघालो.
चिनाटीचा डोंगर अजून काळा,
खाली नदी, पलीकडे मेक्सिको,
ओहिनागाचे दिवे, त्यातला एक माझ्या मावशीचा.
लेचुगियाचं पातं नडगीत घुसलं की
साहेब शिवी देतात, मी ऐकत नाही.
दगडाचा भरवसा नाही इथे.
दर तिसरा निसटतो
आणि खाली जाऊन आपली चुगली करतो.

औदाद म्हणतात या मेंढ्यांना.
आफ्रिकेतून आणली कुणी हौसेनं,
बोटीतून, पिंजऱ्यातून, माझ्या आजोबांच्या काळात.
कुंपणं घातली.
कुंपण त्यांनी एकदा हुंगून पाहिलं असेल.
आता सगळा कडा त्यांचा,
आणि इथली मूळची मेंढरं
वहीच्या एका पानावर मावतील एवढी.
कोण पाहुणं, कोण घरचं,
हा प्रश्न मी या डोंगरात विचारत नाही.
मलाच विचारतात लोक.

नऊला वारा फिरला.
आम्ही पोटावर, ओकोटियोच्या काट्यांखाली, तासभर.
मुंगी मनगटावरून गेली. जाऊ दिली.
मग तो आला.
गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत केसांचा पडदा,
वाऱ्यानं एका अंगाला गेलेला.
त्यानं आम्हाला पाहिलं नाही,
आम्ही होतो ती जागा पाहिली.
साहेबांनी पिशवीवर हात टेकले.
हात थरथरत होते. म्हातारपणाची थरथर मला ठाऊक आहे,
ही ती नव्हती.
मी कानांत बोळे घातले.
थांबायची वाट पाहिली दोघांनी,
तिघांनी म्हणा.

आवाज समोरच्या कड्याला लागून परतला
तोवर मेंढा गुडघ्यांवर होता.
मग कुशीवर. मग सावकाश घसरत
नेमका त्या कपारीत, जिथे दोर लागतो.

मी गेले. तो उभा होता तिथवर पावलं मोजली,
पुढे दोर.
कातडं सोडवताना मानेच्या केसांत, खोल,
तारेचा तुकडा लागला हाताला.
गंजलेला, मांस वरून वाढलेलं,
चार काट्यांची एक गाठ.

साहेबांनी थुंकी लावून पुसला, उन्हात धरला.
"आमची तार," म्हणाले.
"वडिलांनी एल पासोहून मागवलेली, ट्रकभर.
अशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती."
रँच विकून त्यांना अकरा वर्षं झाली.

मी काळीज पिशवीत घातलं, तोंड बांधलं.
ती तार माझ्या बापानं ताणली होती,
दोन उन्हाळे, हातमोजे पदरच्या पैशाचे.
बोलले नाही.
पाठीवर मांसाचं ओझं असलं की
माणूस श्वास जपून खर्च करतो.

उतरेस्तोवर अंधार झाला.
फाटकापाशी त्यांची मुलगी जोलीन, हातात कंदील.
सगळे विचारतात तेच तिनं विचारलं:
किती लांबून?
"साठ पावलं," साहेब म्हणाले.
शिंगं ट्रकच्या पाठीमागे, ताडपत्रीखाली,
तुकडा त्यांच्या वरच्या खिशात.
तिथे त्यांचा हात पुनःपुन्हा जात होता.

मी दोर गुंडाळत होते.
अठ्ठावन्न, मी म्हणाले.
मी मोजलीत.